पुण्याच्या नदीपात्रासाठी कुणीतरी संगीत लिहायला हवं

ऑगस्ट लागला की पुण्यात एक वाद ठरलेला असतो. नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव जोरात चालू असतात, काठावरच्या सोसायट्यांमधून तक्रारी जायला लागतात, पोलीस वेळ ठरवून देतात, एक बाजू म्हणते ही आमची परंपरा, दुसरी म्हणते घरात तान्हं बाळ आहे, आजारी माणूस आहे, आणि विसर्जन झालं की सगळं थंड पडतं ते थेट पुढच्या वर्षापर्यंत. २०२४ मधे तर प्रकरण पार दिल्लीत गेलं. राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात जास्तीत जास्त ३० जण अशी मर्यादा घातली आणि ऐन गणपतीत सुप्रीम कोर्टाने तिला स्थगिती दिली. पथकांना हायसं वाटलं, तक्रार करणारे चिडले. मला मात्र दोन्हीकडच्या बोलण्यात एकच गोष्ट सारखी जाणवत होती की सगळी चर्चा आकड्यांची चाललीय, किती जण, किती डेसिबल, किती वाजेपर्यंत. वाजवायचं काय, कुठे उभं राहून, दुसऱ्या पथकापासून किती लांब, ऐकणारा माणूस कुठे असेल, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

आणि खरंतर हेच प्रश्न घेऊन जगात गेली शंभर वर्षं काही संगीतकार डोकं चालवतायत. छप्पर नाही, स्टेज नाही, वाजवणाऱ्यांचे एकापेक्षा जास्त गट, ते लांब लांब पांगलेले, आणि अंतर हे रचनेचंच एक अंग. प्रायोगिक, अवाँ गार्द वगैरे नाव दिलं की ते परग्रहावरचं वाटतं, पण पुण्याइतकं त्याच्या जवळ असलेलं शहर मला तरी दुसरं माहीत नाही. आपल्याकडे वाजवणारे हात हजारोंनी आहेत, मोकळ्यावर वाजवायची सवय आहे, उभं राहून तासन्‌तास ऐकणारे लोक आहेत. नाहीये ती फक्त रचना. ती महापालिकेने रीतसर पैसे देऊन करून घ्यावी, नदीपात्रासाठी, दरवर्षी एक, असं माझं म्हणणं आहे आणि ते का ते जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात डॅनबरी नावाचं गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात जॉर्ज आइव्ह्ज नावाचे बँडमास्तर होते. त्यांना एक नाद होता, दोन बँड वेगवेगळ्या धून वाजवत एकमेकांसमोरून चालवायचे आणि त्यातून कानावर काय येतं ते बघायचं. त्यांचा मुलगा चार्ल्स आइव्ह्ज (१८७४-१९५४) ते ऐकत वाढला. पुढे पोटापाण्यासाठी विम्याचा धंदा केला आणि उरलेल्या वेळात असं संगीत लिहिलं ज्यात दोन-तीन गट आपापल्या वेगळ्या लयीत एकाच वेळी चालतात, कुणी कुणासाठी थांबत नाही. त्याच्या मनात सगळ्यात मोठी कल्पना होती ती 'युनिव्हर्स सिंफनी'ची, बरेच ऑर्केस्ट्रा, काही दरीत, काही डोंगरउतारावर, काही माथ्यावर. ती त्याच्या हातून पुरी झाली नाही. पण एक दार उघडलं गेलं, की दोन धून एकमेकांवर आदळल्या म्हणजे चूकच झाली असं नाही, तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ते ठरतं.

आता अनंत चतुर्दशीच्या रात्री अलका चौकात उभं रहा. लक्ष्मी रोड, कुमठेकर रोड, केळकर रोड, टिळक रोड, चारही बाजूंनी मिरवणुका तिथे येऊन मिळतात. एका कानात ताशांची तडतड, दुसऱ्या कानात बँडचा ट्रंपेट, मागून कुठूनतरी टोलाचा ठण्ण ठण्ण. जॉर्ज आइव्ह्ज मास्तरांना हवं होतं ते सगळं आपल्याकडे दरवर्षी तीसेक तास चालू असतं. फरक एवढाच की ते कुणी रचलेलं नाही, तिथे प्रत्येक गटाला दुसऱ्यावर मात करायची असते, आणि वर स्पीकरच्या भिंती. सीओईपी या पुण्यातल्या इंजिनीअरिंग शिकवणाऱ्या संस्थेचे विद्यार्थी दरवर्षी लक्ष्मी रोडच्या चौकाचौकात आवाज मोजतात, तो शंभर डेसिबलच्या आसपास येतो. दोन्हीकडे तीन-चार मजली इमारती, मधे अरुंद रस्ता, आवाज बाहेर पडायला वावच नाही, तो भिंतींवर आपटत राहतो. मोठ्या गटांनी वाजवायला पुण्यातली सगळ्यात वाईट जागा कुठली असं विचारलं तर मी लक्ष्मी रोडचं नाव घेईन, आणि आपण नेमके तिथेच सगळी ताकद लावतो. मिरवणूक हलवा असं मी म्हणत नाहीये, मिरवणूक ही मिरवणूक आहे, तिचा रस्ता लोकांच्या भावनेशी जोडलेला आहे. मी वेगळ्या गोष्टीबद्दल बोलतोय.

सरावाच्या दिवसांत संध्याकाळी नदीवरच्या झेड ब्रिजवर जाऊन थांबा. खाली पात्रात एक पथक अलीकडे, एक पलीकडे लांब. अलीकडच्याचा ताशा उठतो, मग ढोल उचलतात, पलीकडचे आपला वेगळाच हात, म्हणजे ठरलेली ठोक्यांची बांधणी, वाजवत असतात, आणि तिकडचा ठोका कानावर येतो तेव्हा तिकडचं टिपरू आधीच वर गेलेलं दिसतं. डोळ्यांना एक दिसतं, कानाला दुसरं. शिवाय काठाच्या भिंतीवरून आवाज परत येतो, तर मधेच असं वाटतं की तिसरं पथक कुठेतरी वाजतंय, जे नाहीये. डेक्कनच्या दिशेला वीसेक पावलं चाललात की सगळं फिरतं, मघाशी मागे असलेला टोल पुढे येतो, ढोल मऊ होतात. मी तिथे कितीदा तरी उभा राहिलोय आणि दरवेळी मनात येतं की हे कुणीतरी ठरवून केलं तर काय होईल.

यात गूढ काही नाही, साधं शास्त्र आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे दोन पथकं १७० मीटरवर असतील तर एकाचा ठोका दुसऱ्यापर्यंत पोचायला अर्धा सेकंद लागतो, आणि सेकंदाला दोन ठोके अशी लय धरली तर अर्धा सेकंद म्हणजे पूर्ण एक ठोका झाला. बरोबर मधे उभा असलेल्याला दोघं एकत्र ऐकू येतील, पण इकडच्याला तिकडचा मागे पडलेला वाटणार आणि तिकडच्याला इकडचा, आणि दोघांनी एकमेकांना गाठायचा प्रयत्न केला तर लय ढिली होत जाणार. हॉलमधला कंडक्टर याला अडचण म्हणेल. मोकळ्यावर लिहिणारा संगीतकार यातूनच रचना काढतो, एकाने प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने तो पोचल्यावर उत्तर द्यायचं, किंवा दोघांनी मुद्दाम वेगळ्या लयीत रहायचं म्हणजे भांडणच नको.

दुसरं शास्त्र डेसिबलचं, आणि हे मला वाटतं पथकवाल्यांनी आणि तक्रार करणाऱ्यांनी दोघांनी नीट समजून घेण्यासारखं आहे. ३०० ढोलांचे ३० केले तर आवाज साधारण १० डेसिबलने कमी होतो. इतकी माणसं घरी बसवून फक्त तेवढाच. आणि मोकळ्या जागेत तेच ३०० ढोल ऐकणाऱ्यापासून तिप्पट लांब नेले तरी जवळपास तेवढाच फरक पडतो, कारण मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे माणसं मोजत बसण्यात आपण जी शक्ती घालवली ती अंतर मोजण्यात घातली असती तर? दोन्ही केलं, माणसंही थोडी आणि अंतरही जास्त, तर नदीकाठच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना खिडकी लावून बसावं लागणार नाही. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि ढोल त्यात बसवणं अवघड आहे हे मी मान्य करतो, दहा मीटरवर १०० असलेला आवाज मोकळ्या जागेतसुद्धा १६० मीटरवर ७६च्या घरात असतो. म्हणूनच लिहिलेली रचना हवी, जिच्यात ढोल पाच मिनिटं येतात आणि उरलेला वेळ दुसरं काहीतरी ऐकू येतं.

आणि दुसरं म्हणजे काय काय असू शकतं हे बघायला बाहेरची उदाहरणं फार उपयोगी आहेत.

हेन्री ब्रँट (१९१३-२००८) नावाच्या संगीतकाराने जवळपास सगळं आयुष्य याच एका गोष्टीला दिलं. त्याची एक अट होती, मायक्रोफोन-स्पीकर अजिबात नाही. आवाज जिथून निघतो तिथूनच आला पाहिजे, डबड्यातून नाही. १९८४ मधे त्याने ॲम्स्टरडॅम शहरासाठी एक रचना केली, शंभर बासऱ्या चार बोटींमधे बसवून कालव्यांतून फिरवल्या, आणि काठावर, पुलांवर, चर्चच्या मनोऱ्यात वेगळे गट. म्हणजे ऐकणारा पुलावर उभा आणि बासऱ्यांची अख्खी बोट त्याच्या पायाखालून जातेय. शंभर बासऱ्या हे ऐकून मला पहिल्यांदा जे वाटलं ते असं की याने मोठ्या संख्येचा अर्थच बदलला. आपल्याकडे संख्या वाढली की दणका वाढतो, इथे संख्या वाढली आणि आवाज मात्र झुळकेसारखा राहिला.

जर्मनीच्या स्टॉकहाउझनची 'श्टेर्नक्लांग' ही रचना १९७१ मधे बर्लिनच्या टियरगार्टन बागेत पहिल्यांदा झाली. पाच गट, बागेत एकमेकांपासून दूर, रात्रीची वेळ, वर चांदण्या, आणि तीनेक तासांचा कार्यक्रम. त्याने प्रत्येक गटाला मायक्रोफोन-स्पीकर दिले होते, ते आपण घ्यायची गरज नाही. घेण्यासारखं आहे ते वेगळंच. एका गटातला वादक एक छोटी धून वाजवत वाजवत, सोबत मशालवाला, चालत दुसऱ्या गटापाशी जातो, त्यांना ती धून सापडेपर्यंत वाजवत राहतो आणि मग परत फिरतो. अशा धुनी एका गटातून दुसऱ्यात जातात. आता हे पुण्यातल्या कुठल्याही ताशावाल्याला सांगा, त्याला समजावून द्यावं लागणार नाही, कारण त्याने स्वतः ताशाचा प्रत्येक हात असाच शिकलेला असतो, समोर बसून, कुणीतरी वाजवतंय आणि आपण पकडतोय, कागद कुठेही नाही.

कॅनडाच्या मरी शेफरने १९७९ मधे बारा ट्रॉम्बोनवाले एका तळ्याच्या काठाने पांगवले आणि रचना लिहिली ती पहाटेसाठी आणि संध्याकाळसाठी. सूचना देणारा माणूस पाण्यात तराफ्यावर, हातात रंगीत झेंडे. झेंडे का, तर आवाजाला अंतर कापायला वेळ लागतो आणि नजरेला लागत नाही. इथे मला आपल्या पथकांमधले ध्वज आठवतात. प्रत्येक पथकात ध्वज नाचवणारी मुलं-मुली असतात, कमालीची ताकद आणि तालाचं भान लागतं त्याला, आणि आपण त्यांच्याकडे फक्त शोभा म्हणून बघतो. नदीच्या दोन काठांवरच्या चार गटांना इशारे द्यायला याहून चांगली व्यवस्था कोण उभी करणार?

आणि जॉन ल्यूथर ॲडम्स, अलास्कात बरीच वर्षं काढलेला संगीतकार, त्याची 'इनुकसुइट' (२००९) ही रचना ९ ते ९९ तालवादकांसाठी आहे. ताशा-ढोलाच्या शहराला ही सगळ्यात जवळची वाटेल. सगळे वादक मधे एकत्र असतात, सुरुवातीला नुसते श्वास, मग शंख, मग हळूहळू पांगत पांगत सगळे आपापल्या जागी जातात, ढोल येतात, भोंगे येतात, एका टप्प्यावर चांगलाच गडगडाट होतो, आणि मग तो ओसरत जातो आणि शेवटी छोट्या घंटांवर आणि पिकोलोवर, म्हणजे छोट्या बासरीवर, पक्ष्यांचे आवाज. तासाभराहून मोठी रचना, कंडक्टर नाही. ऐकणारे फिरत असतात, कुणी बसतं, कुणी लांब जाऊन ऐकतं, शेवटी खरे पक्षी कुठले आणि वाजवलेले कुठले ते कळेनासं होतं. पुण्यात शंखनादाची पथकं आहेत, मोठा आवाज करण्यापलीकडे त्यांना कधी कुणी काही दिलं का?

उलटं उदाहरणही सांगायला हवं. १९२२च्या ७ नोव्हेंबरला बाकू शहरात आर्सेनी अव्रामोव्ह नावाच्या माणसाने रशियन क्रांतीच्या वाढदिवसाला सगळं शहरच वाद्य म्हणून वापरलं. कारखान्यांचे भोंगे, बंदरातल्या जहाजांचे भोंगे, तोफा, रेल्वेची इंजिनं, गाणारे जमाव, आणि हा मनोऱ्यावर उभा राहून झेंड्यांनी सूचना देतोय. कल्पना म्हणून अंगावर काटा येतो. पण त्या दिवशी बाकूत ज्याला ऐकायचं नव्हतं त्याला पर्याय काय होता? काहीच नाही. मोकळ्यावरच्या संगीताचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे आणि आपल्याकडच्या डीजेच्या भिंती ह्याच जातीच्या आहेत, त्यांना ऐकणारा नकोय, सापडलेला माणूस हवाय. म्हणून माझ्यासाठी पहिली कसोटी ही, की या रचनेपासून माणसाला चालत लांब जाता आलं पाहिजे, आणि लांब गेल्यावर ती खरंच विरली पाहिजे.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल पाश्चात्त्यांची थेरं इथे कशाला. तर थोडं आपल्या पालखीकडे बघू. दोन्ही पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी फर्ग्युसन रोडवर फूटपाथला उभं राहिलं की एक दिंडी समोरून जात असते, तिचा अभंग चालू, टाळकरी ओळीने, मधे मृदंग, वीणा गळ्यात घेतलेला वीणेकरी, आणि ती पुरती गेलेली नसते तोवर मागच्या दिंडीचे टाळ यायला लागतात, वेगळा अभंग, वेगळी चाल, वेगळी लय. दोन अभंग थोडा वेळ एकमेकांत मिसळतात. कुणी बिचकत नाही, कुणी आवाज चढवून दुसऱ्याला दाबत नाही, प्रत्येक दिंडी आपल्या वीणेला धरून चालते. इतकी शिस्त कुठून आली? शेकडो वर्षं एकत्र चालून आली.

त्याहून मोठी गोष्ट मुक्कामी होते, समाजआरतीला. माउलींच्या सोहळ्यात दिवसाची चाल संपली की सगळ्या दिंड्या तळावर जमतात, सगळीकडून टाळांचा गजर चालू असतो, आणि मग चोपदार आपला चोप, म्हणजे हातातला दंड, वर धरतो. एका क्षणात सगळं शांत. एवढा समाज आणि चिडीचूप. आणि त्यात एखाद्या दिंडीची तक्रार असेल, काही गैरसोय झाली असेल, वस्तू हरवली असेल, तर ती दिंडी फक्त आपले टाळ वाजवत राहते. बाकी सगळे गप्प, एकाच दिंडीचे टाळ वाजतायत, म्हणजे कळलंच. चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणं ऐकलं जातं, मिटवलं जातं, मग पुढे आरती. मोकळं मैदान, कितीतरी गट, लांबून दिसेल असा इशारा, शांततेला दिलेली जागा, आणि आवाज कधी करायचा याचा सगळ्यांना पाठ असलेला नियम. मला सांगा, स्टॉकहाउझनला याहून वेगळं काय करायचं होतं? आपल्याकडे हे चालत आलेलं आहे, त्यातून नवीन रचना करायचं धाडस फक्त कुणी केलेलं नाही.

केरळात बघा, त्रिशूर पूरमच्या वेळी इलंजितारा मेळम होतं, अडीचशेच्या आसपास वादक उघड्यावर एका झाडाजवळ उभे राहतात आणि दोनेक तासांच्यावर चढत जाणारी लय बांधतात, पायऱ्या ठरलेल्या, कुठे काय येणार हे ऐकणाऱ्यांनाही माहीत, लोक हात वर करून दाद देतात. तिथे मोठा गट म्हणजे मोठी रचना असं समीकरण आहे. आपल्या पथकांत हात बसवायला इतकी मेहनत घेतात, रोज कामावरून येऊन दोन-दोन महिने सराव करतात, कमरेला ढोल बांधून खांदे सोलून निघतात, आणि शेवटी त्यांच्याकडून चार-पाच हात आणि एक गजर एवढंच मागितलं जातं. या मुलामुलींना कमी लेखणं आहे ते. त्यांना वीस मिनिटं हळू वाजवायला सांगा, टिपरू बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी ढोलाच्या पानावर, बघा कसं वाजवतात.

बँडवाल्यांचंही तेच. दरबार, प्रभात ही नावं जुन्या पुणेकरांना सांगायला नकोत. क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम, चालत चालत, गर्दीत, उन्हात वाजवायची सवय असलेले लोक. लग्नांमधे त्यांची जागा डीजेने खाल्ली. मोकळ्यावर, स्पीकरशिवाय, सूर लांबवर पोचवायची कला ज्यांच्या हातात आहे तेच लोक आज कामाच्या शोधात आहेत, हे मला फार लागतं.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण पटतो, टेकड्यांबद्दलचा. असलं काही निघालं की कुणीतरी लगेच वेताळ टेकडी, तळजाई सुचवणार, डोंगरावर गट बसवू, मस्त घुमेल. नको. शेफर आणि ॲडम्स यांच्याकडे जंगल-तळी भरपूर होती, आपल्याकडे चार टेकड्या उरल्यात आणि त्यांच्यामागे आधीच रस्ते-बोगद्यांचं शुक्लकाष्ठ आहे. तिथल्या मोरांना आणि पहाटे चालायला येणाऱ्यांना आहे तसं राहू द्या. नदीपात्र वेगळं आहे, तिथे दोन्हीकडे शहर आहे, गाड्यांचा आवाज आहे, पूल आहेत ज्यांच्यावर ऐकणारे उभे राहू शकतात.

वेळ मी हिवाळ्याची धरेन. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की पात्र आपलं रहात नाही. आणि हिवाळ्यात सकाळी एक फायदा आहे, जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर निघून न जाता खाली वाकतो आणि लांब जातो. डिसेंबरात पहाटे कोथरूडमधे रेल्वेचा भोंगा ऐकू येतो तो त्यामुळेच. म्हणजे हळू वाजवलेलंही पोचतं. सकाळी सातला ढोल अर्थातच नकोत, रविवारी लोक झोपलेले असतात, तेव्हा क्लॅरिनेट, टाळ, एखादं भजनी मंडळ, शंखाचा एक लांब सूर. ढोल संध्याकाळच्या भागात, मोजून. रात्री दहाचा नियम आहे तो पाळायचाच, त्याच नियमापायी सवाई गंधर्वच्या रात्रभर चालणाऱ्या मैफली बंद झाल्या आणि पुण्याने तेही पचवलं, तर इथे सूट मागायचं कारण नाही. आणि पुढेमागे पेठांसाठी रचना करायची झाली तर गुरुवार पेठेत पंचहौद मिशनच्या मनोऱ्यात आठ मोठ्या घंटा आहेत, स्पेनच्या यॉरेन्स बार्बेरने गावातल्या सगळ्या मनोऱ्यांवरच्या घंटा एकत्र बांधून, घड्याळं जुळवून, अख्ख्या गावाचे कार्यक्रम केलेत. आपल्याकडे देवळं आणि घंटा कमी आहेत का.

खर्चाचं म्हणाल तर मांडव नाही, साउंड सिस्टिम नाही, एलईडी पडदा नाही, पाहुण्यांच्या खुर्च्या नाहीत. रचना करणाऱ्याचं मानधन, वाजवणाऱ्यांचं मानधन, आणि सरावाला चहा-नाश्ता. विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीत शिकलेली मुलं आहेत, एफटीआयआय या चित्रपट शिकवणाऱ्या संस्थेत ध्वनीचा अभ्यास करणारे आहेत, यातल्या दोघा-तिघांना एक पथक, एक बँड, एक दिंडी अशी जोडून द्या आणि चार महिने द्या. तिकीट नको. २०१४ मधे न्यूयॉर्कला लिंकन सेंटरच्या बाहेर ॲडम्सची 'सिला' झाली, ८० वादक, सगळ्यांना मोकळं. पुण्यात झेड ब्रिजवर गाडी लावून बसणाऱ्या जोडप्यालाही तितकाच हक्क हवा.

घाई याचसाठी की नदीकाठाचं रूप आत्ता बदलतंय. काठ सुधारण्याची कामं चालू आहेत, आणि काठाला काय लावता त्यावर पुढची पन्नास वर्षं तिथे काय ऐकू येणार ते ठरतं. उभी काँक्रीटची भिंत आवाज जसाच्या तसा परत फेकते, गवत-झाडांचा उतार बराचसा गिळतो. पथकं तिथेच सराव करणार आहेत, सोसायट्याही तिथेच राहणार आहेत, मग नकाशे काढणाऱ्यांच्या टेबलावर एखादा ध्वनीचा जाणकार का नसावा? आणि या जानेवारीत एक छोटा प्रयोग करून बघायला काय हरकत आहे, तीन गट, चाळीस मिनिटं, पथकांना तेव्हा काम नसतं, ढोल गोडाउनमधे पडून असतात. सीओईपीच्या मुलांना मोजायला बोलवा, फक्त चौकात उभं करू नका, ज्या घरांमधून दरवर्षी तक्रार जाते त्यांच्या बाल्कनीत मीटर घेऊन बसवा, त्या घरच्यांना विचारून. जो आकडा येईल तो रचना करणाऱ्याच्या हातात द्या, तो पुढच्या वर्षी गट हलवेल, ढोल कमी करेल, किंवा बँड पलीकडच्या काठावर नेईल.